चिंगळी, सोबत

सकाळी दापोलीत नऊ अंश होतं.
इथल्या लोकांना एवढं पुरतं
कानटोपीवर मफलर गुंडाळायला
आणि एकमेकांना 'आज महाबळेश्वर हो' म्हणायला.

चिंगळीला मी स्वेटर घातला.
राखी, बिनबाह्यांचा,
कपाटात डांबरगोळ्यांशेजारी उगाच पडून होता तो.
पुढचे पाय बाह्यांच्या भोकांतून,
पोटाखाली दोन सेफ्टी पिना.
तिने हुंगला आणि उभीच राहिली,
शेपटी ना वर ना खाली.
वास ओळखीचा आणि माणूस नाही
अशा वेळी कुत्र्याने काय करायचं असतं
हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.
मलाही.

खालच्या रस्त्याला नवी वाइनरी झालीय, सगळी काचेची.
दारात पोराने हात आडवा घातला.
मॅडम, कुत्रं गाडीत.
म्हटलं, हिला थंडी वाजते.
म्हणाला, काच वर करा.
काच वर केली
आणि तशीच पुढे निघाले.

बुरोंडकरबाईंच्या फाटकावर पत्र्याची पाटी आहे,
'कुत्र्यापासून सावध रहा' अशी, जुनी.
त्यातलं 'पासून सावध रहा' निळ्या रंगाने खोडून
पुढे 'सकट या' लिहिलंय.
'या' जरा मोठा झालाय, पत्र्याबाहेर जातो की काय असा.

मोहोरावर कालच फवारणी झालेली,
म्हणून कुत्र्यांनी आज बागेत जायचं नाही.
सगळी पडवीत, घमेल्याभोवती.
करवंट्यांचा विस्तव, अधूनमधून फटकन ठिणगी,
आणि मंडणगडचा तो धिप्पाड लॅब्राडोर
दर ठिणगीला डॉक्टरांच्या मांडीत.

बाई ओततात बोटभर.
जांभूळ, मग बोंडू,
मग करवंद: आधी आंबट,
मागाहून दातांशी चिकाची एक पुसट आठवण,
लहानपणी ओठ चिकटायचे तशी.
गाडी मीच चालवणार, म्हणून घोटघोटच घेतला.
चिंगळीला कोमट पेज, बिनमिठाची,
वर सुक्या जवळ्याची चिमूट.
हर्णैच्या लिलावात टोपल्यांमध्ये सापडलेली ही,
कोळंबीएवढी, कोळंबीसारखीच वाकडी झोपलेली.
जवळा दिसला की अजून डोळे मिटून खाते.

बाईंकडे एक वही आहे.
आलेल्यांची नोंद, पण माणसांची नावं नाहीत तीत.
'बंड्या. सोबत डॉक्टर. मांजराला भ्यायला.'
'फुई. सोबत नवं जोडपं. तिघंही रुसलेले.'
मागच्या जानेवारीचं पान मी उलटायला नको होतं.
'चिंगळी. सोबत दोघं. तो फार हसतो,
ती ग्लास धुऊन ठेवते.'

बाईंनी पेन उघडलं.
तारीख. 'चिंगळी.' मग 'सोबत',
आणि पेन तिथेच.
मी विस्तवाकडे बघत राहिले.
मनात उत्तर तयार होतं, घरूनच आणलेलं,
बदलीचं, पुण्याचं, दोन खोल्यांच्या भाड्याचं,
सगळं खरं आणि काहीच न सांगणारं.
बाईंनी स्वेटरकडे पाहिलं.
पिनांकडे पाहिलं.
एक पीन सुटली होती, ती वाकून लावली.
मग 'सोबत' एका रेघेने खोडून लिहिलं:
'थंडी होती. स्वेटर बरा बसला.'

सवयीने दोन ग्लास भरून आणले होते त्यांनी.
दुसरा स्वतः उचलला.
म्हणाल्या, मला खोकला आहे.
खोकला नव्हता.

निघताना ग्लास धुवायला गेले
तर बाईंनी हातातून काढून घेतले.
राहू दे गो, पाणी गार आहे.

करवंदाची एक बाटली घेतली.
ती मागच्या सीटवर, पट्टा लावून.
चिंगळी पुढे,
जिथे बसायची तिला कधी परवानगी नव्हती.
आधी ती बसेना. सीटकडे बघे, माझ्याकडे बघे.
उताराच्या दुसऱ्या वळणावर बसली,
स्वेटरसकट,
आणि काचेला नाक लावून
तिने तिच्या बाजूचा सगळा समुद्र धुरकट करून टाकला.