कुत्री पुन्हा झोपेपर्यंत

निबाल्दोने पहिल्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही.
म्हणाला, आधी बूट बदल.
वालपाराइसोत इतके कोरे बूट
बोटीवरून उतरलेल्यांच्याच पायांत असतात,
आणि त्यांच्या मागे, चार पावलांवर, आणखी कुणीतरी असतं.

मग काळी चिकटपट्टी आणली, विजेच्या तारांना लावतात ती.
कॅमेऱ्याचं नाव झाकलं, चकाकत्या कडा झाकल्या,
एका बाजूला उगाच एक ठिगळ.
"आता गरिबाघरचा दिसतो," म्हणाला. "जगेल."

पट्टा गळ्यात नाही. मनगटाला दोन वेढे.
पिशवी पावाची, वर खरेच दोन पाव.
टेकडीच्या जिन्यांवर दिवे लागल्यावर जायचं नाही,
गेलासच तर पाठ भिंतीला,
आणि परतीच्या पायऱ्या आधी मोजलेल्या.
कुणी सुरा दाखवला तर देऊन टाक.
यंत्र दुसरं मिळतं.

त्याच्या बरगडीखालची शिवण
मला पुढे कधीतरी दिसली, समुद्रात पोहताना.
मी विचारलं नाही. त्यानेही पाण्यात तोंड घातलं.

पण खरा धडा कुत्र्यांचा.
गल्लीत शिरलास की ती माना वर करतात.
थांब. टेक कुठेतरी. पाव खा.
ती पुन्हा आडवी झाली की समज,
गल्लीने तुला गिळलं.
आता काढ.

अकरा वर्षं मी असा गिळला गेलो.
कार्दोनालच्या बाजारात कांद्याच्या पोत्यांत
मीही एक पोतं.
कॅमेरा कमरेशी, खटका खोकल्याआड,
डोळे कबुतरांवर, बोट माणसांवर.

फोटो काढतात, असं आपण म्हणतो.
काढतात म्हणजे कुणाकडून तरी,
हे माझ्या ध्यानात यायला एक बुधवार लागला.

लसणाच्या वेण्या विकणारी बाई.
शेजारी द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यात एक मुलगी,
एका डोळ्यावर लसणाची पाकळी धरून
दुसऱ्याने बाजार बघत होती.
मी खोकलो.

मनगटावर हात पडला. पट्ट्याच्या दोन वेढ्यांवरच.
"पाववाल्या," ती म्हणाली,
"दोन हिवाळे बघतेय तुला."

ओरडली नाही. लसणाचा वास असलेल्या आवाजात
हिशेब सांगावा तसं सांगितलं:
हिचा बाप दक्षिणेला, पुंता आरेनासला.
त्याला वाटतं आम्ही अजून इकीकेत आहोत.
तुझी चित्रं कुठे टांगतात?

बंदराजवळच्या एका कॅफेत टांगतात.
तिथे खलाशी येतात. दक्षिणेचे.
मी हे बोललो नाही, पण माझं तोंड तिने वाचलं.

कुणीतरी हाक मारली, एर्मिनिया, दोन वेण्या दे.
तिने एका हाताने दिल्या.
दुसरा होता तिथेच.

मी बाजाराच्या दारात उन्हात आलो
आणि कॅमेऱ्याचं पाठीचं झाकण उघडलं.
जांभळट फीत ओढत गेलो, ओढत गेलो.
आरशात भांग पाडणारा ट्रॉलीबसचा ड्रायव्हर गेला.
बर्फाच्या लादीवर गाल टेकलेला मासेवाला गेला,
तसा गाल पुन्हा कुणी टेकणार नाही.
एकतीस होते. मुलगी एकतिसावी.

एर्मिनियाने आभार मानले नाहीत.
"पाव खरे आहेत का?" एवढं विचारलं.
एक दिला. तिने मोडून निम्मा खोक्यात दिला.

मुलीने पाकळी या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेली,
मला नीट मधोमध घेतलं,
आणि जिभेने टाळ्याला लावून
एक टक् केलं.

दारातल्या पिवळ्या कुत्र्याने मान वर केली.