के एल पी

वडगावात, माग थांबलेल्या गल्लीत
भरमा कंग्राळकर टीव्ही दुरुस्त करतो.
म्हणजे करायचा.

फळीवर बुटाच्या खोक्यात व्हिडिओ गेमच्या चोपन्न कॅसेटी.
एकीच्या पोटात नाण्याएवढा सेल,
त्याच्या जिवावर तगलेली तीन अक्षरं:
के एल पी. कल्लाप्पा. नव्वद हजार चारशे.
शहाण्णवच्या गणपतीत, रुपयाला दहा मिनिटं.
पुढं तो फोंड्याला कारखान्यात गेला,
आणि तिथंच गेला.

सेल मरत आलाय.
प्रत काढली तर गुन्हा, भाचा सांगतो, वकील आहे.
परवानगी मागावी तर कंपनी विकली गेली,
घेणारी बुडाली, आणि हक्क कुणाच्या कपाटात
ते कपाटालाही ठाऊक नाही.
भरमाचं रजिस्टर पत्र शिक्के खाऊन परत आलं.
नवे खेळ तर म्हणे विकतच मिळत नाहीत,
पैसे घेऊन नुसते दाखवतात,
वाटेल तेव्हा काढून नेतात.

"घालू दे की खटला," भरमा म्हणतो,
"बेळगावात तारखांना कोण भितंय मर्दा?
पाट्या बदलल्या, आम्ही म्हातारे झालो,
निकाल अजून वाटेतच हाय."

रात्री शटर अर्धं ओढून
चालू मशिनातच तो जुना सेल सोडवतो.
आज तरी हेस्कॉमनं घात करू नये.
कथिलाचा धूर. हात कापतो.
नवा बसतो.

पडद्यावर यादी जशीच्या तशी.
दुसरा नंबर बी आर एम, शंभरानं मागं.
कॅसेट त्याची, दुकान त्याचं, इतकी वर्षं.
तो परत खेळलाच नाही.