किमान आकार

शुक्रवार. सालमियाच्या धक्क्यावर
इर्शाद परकार उकडलेली अंडी सोलतोय,
टरफलं खिशात टाकतोय.
बाणकोटचा माणूस. खाडी असो नाहीतर आखात,
पाण्यात कचरा टाकायला त्याचा हात धजत नाही.

मी आठवड्याचे सहा दिवस मीटर वाचतो.
फरवानिया, खैतान, पुन्हा फरवानिया.
जिन्याखालच्या पेट्या उघडायच्या, आकडा टिपायचा,
आत कोण राहतं ते विचारायचं नाही.
आज सुट्टी. आज बेटं.

बोट सुटली तसं शहर
आधी काचेचं झालं, मग धुळीचं,
मग नुसता एक अंदाज.
वाटेत एक बेट लागलं, पाण्याच्या बोटभर वर.
लिसम्मा म्हणाली, आमच्या हॉस्पिटलचं पार्किंग याहून मोठं आहे.
तिथे बोट लागत नाही.
कुरव पक्षी उतरतात, भांडतात, उडून जातात.

फैलका.
उतरल्यावर आधी ग्रीकांचे दगड.
त्यांना कुंपण, पाटी, पाटीवर छोटंसं छप्पर,
हात लावू नये, असं दोन भाषांत.
पुढे वस्ती. तिला कुंपण नाही.
बँकेच्या भिंतीत गोळ्यांची भोकं,
एका भोकात चिमणीने काड्या आणून ठेवलेल्या.
नव्वद साली माणसं इथून गेली
ती राहायला परतली नाहीत.
दोन हजार वर्षांपूर्वीचं ते जपलेलं,
माझ्याहून धाकटं ते तसंच पडलेलं.

निळ्या दाराच्या घरात शिरलो.
दार म्हणजे चौकट, निळं म्हणजे खपल्या.
अंगणात बोरीचं झाड,
कुणी न शिंपता वाढलेलं, असं मला वाटलं.
आत शिरताच डाव्या हाताला मीटर.
सवय वाईट. अंगठ्याने काच पुसली:
शून्य चार आठ एक सात.
वही नव्हती, मनगटावर लिहिलं.
चकती थांबलेली,
तिच्यावरची लाल खूण वळायच्या बेतात.
त्या क्षणी काय चालू असेल?
पंखा? फ्रीज, ज्यात कुणाचं तरी औषध?
इर्शाद बाहेरून ओरडला,
अरे, बिल कुणाच्या नावावर फाडणार?

परतीच्या बोटीत शेजारी एक म्हातारी, उम्म सऊद.
ड्रायव्हरांशी बोलून बोलून शिकलेलं तिचं हिंदी.
महिन्यातून एकदा येते, म्हणाली. झाडाला पाणी घालते.
निळं दार? नाही, ते शेजाऱ्यांचं.
आमचं मागे होतं, ते पडलं.
झाडही त्यांचंच.
पण झाडाला काय, पाणी कुणाचंही चालतं.

रुमालाची गाठ सोडून तिने ओंजळभर फळं दिली.
ती म्हणाली कनार. मी म्हणालो बोर.
तिघांनी बिया चघळल्या,
इर्शादने सगळ्यांच्या बिया गोळा करून
टरफलांवर ठेवल्या.

माझ्या मनगटाकडे बोट दाखवून तिने विचारलं, हे काय?
सांगितलं.
चश्मा वर सारून ती आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली.
मग हसली.
फार लाइट जाळायचे ते. रात्र रात्र.
त्यांचा धाकटा अंधाराला भ्यायचा.
पुढचं तिने सांगितलं नाही,
इंजिनाचा आवाजही फार होता.

रात्री खोलीवर हात धुतले. शाई गेली नाही.
फोनवर वीज मंडळाचा निरोप:
दापोलीचा फ्लॅट, तिसरा मजला.
बारा वर्षं कुलूप.
वापर शून्य. किमान आकार देय.
दर महिन्याला येतो, दर महिन्याला भरतो.
अंधाराला भिणारं तिथे कुणी नाही.

भरला.
मग चपला घातल्या, जिन्याखाली गेलो,
आपल्याच खोलीचा मीटर बघायला.
आठ वर्षांत पहिल्यांदाच.
फिरत होता.