मॅटाडोर, मॉडेल चौऱ्याण्णव

प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी टपाल-तिकिटांच्या कडांना भोकं पाडली,
म्हणजे यंत्रानं पाडली, मी बघत राहिले
सरळ पडतायत की नाही.
तिकिटं गेली कोहिमाला, कोट्टायमला, कुठं कुठं;
मी जेलरोडहून गेटपर्यंत,
गेटपासून जेलरोडला.

म्हणून वडाळा नाक्यावर हमीदमिस्त्री
गाडीखालून डोकं बाहेर काढून म्हणाला,
"तळाचा पत्रा गेलाय, बाई. चाळणी झालीय,"
तेव्हा मी घाबरले नाही.
भोकांशी माझा जुना परिचय.

आधीच्या जन्मी ही शाळेची गाडी.
उन्हं कलली की पांढऱ्या रंगाखालून
'बालक मंदिर' अजून वर येतं,
आणि सीट उपटल्या तेव्हा सापडले
सात चिंचोके, एक कर्कटक,
कुणाचा तरी दुधाचा दात.
फिलोमिना साळवे, शरणपूरची, माझ्याच पाळीतली,
म्हणाली, दात ठेव. गाडीचाच समजू.

पैसे अर्धे तिचे, अर्धे माझे.
भांडणं मात्र दोघींची पूर्ण.
पलंग आडवा की उभा, यावर आठ दिवस अबोला.
भद्रकालीतून आणलेलं प्लायवूड
तिच्या भाच्यानं दोन बोटं कमी कापलं;
त्या दोन बोटांत आता चपला राहतात.
पडदे माझ्या सत्काराच्या साडीचे.
अंगावर कधी चढली नाही,
खिडकीला शोभते.
वीस लिटरचा जार, त्याला पितळी तोटी,
पाच किलोचा सिलिंडर साखळीनं बांधलेला,
अनोळखी माणसावर भुंकेल असा.
टपावरचं झाकण गळतं.
तीनदा एम-सील लावलं.
चौथ्यांदा पातेलं लावलं.

सुरू करायची तर किल्ली अर्धी फिरवून
हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं.
तेवढ्यात फिलोमिनाची एक प्रार्थना होते.
मी क्लचवर पाय रोवून बसते,
साठाव्या वर्षी शिकलेला पाय,
त्याला अजून खरं वाटत नाही.

नातेवाईक विचारत होते: लडाख? कन्याकुमारी?
पहिल्या रात्री आम्ही गेलो
गंगापूर धरणापर्यंत.
मीटरवर तेवीस किलोमीटर,
आणि तो मीटरही पदरचं घालून सांगतो.

बाभळीखाली लावली. चाकांना दगड.
मुगाची खिचडी, भाजलेला पापड
(गाडीत पापड भाजला की
वास दोन दिवस मुक्कामाला असतो).
पाण्यावर टिटवी कुणावर तरी चिडलेली.

अकराला टॉर्च.
धरणावरचा राखणदार, बेंडकोळी.
"कुठून आलात?"
"नाशिकरोड."
त्यानं गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे,
मग लांबवर शहराच्या दिव्यांकडे.
"मग घरी का नाही जात?"

प्रश्न बरोबर होता.
फिलोमिनानं त्याला चहा दिला.
मी त्याला दात दाखवला, का कोण जाणे.
तो आत आला, वाकून,
पलंगावर हात दाबून बघितला,
तोटी उघडली, बंद केली,
पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.
"आहे की सगळं," म्हणाला.
मग उतरता उतरता,
"दार लावून घ्या. बिबट्या येतो पाण्यावर."

दार आतून लागत नाही.
उरलेल्या साडीच्या पट्टीनं बांधलं,
वर मी सँडलचा टेकू दिला,
हे फिलोमिनाला सांगितलं नाही.

हमीदनं तळ नवा घातला, पण मागचा हातभर पत्रा
पैसे संपले म्हणून तसाच राहिला.
रात्री तिथून गार हवा येत होती,
गवताचा वास, थोडा डिझेलचा.
बॅटरी घेऊन मी खाली वाकले,
सवयच ती,
भोकं रांगेत आहेत का बघायला.

एकही नव्हतं.
ड्यूटीवर असते तर अख्खं शीट बाद केलं असतं.
फिलोमिना घोरत होती.
मी बॅटरी विझवली आणि पाय
त्या गारव्यावर सोडून पडून राहिले.