पट्टा ढिला नव्हता

कॅसेट दिली रूबेननं, देवळाली कॅम्पातल्या.
कुणाच्या तरी भावानं जहाजावरून आणलेल्या सीडीवरून भरलेली,
कव्हर नाही. निळ्या बॉलपेननं फक्त:
"बाई, अमेरिका, पहिलाच अल्बम."

मी तेव्हा नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
रात्रभर ताव तपासायचे,
रेघ केसभर सरकली की शिक्का: बाद.
सकाळी शरणपूरला घरी आलो, चहा घेतला,
टेप लावला
आणि वाटलं, गेला.

ड्रम मागे राहत होता.
बाई गातेय, बास निघालाय,
आणि ठोका असा येतोय
जसा लग्नाला निघालेल्या घरातला शेवटचा माणूस,
कुलूप लावून, पुन्हा एकदा ओढून बघून.

टेप पिशवीत घालून रविवार कारंजावर नेला, कमरुद्दीनकडे.
म्हटलं, पट्टा ढिला झालाय.
त्यानं स्क्रू काढले,
पट्टा बोटावर ताणून पाहिला,
हेड स्पिरिटनं पुसलं.
मग ऐकलं. एक गाणं.
पुन्हा तेच.
पुन्हा तेच. बाहेर एक बाई मिक्सर घेऊन ताटकळत.
"पट्टा बरोबर आहे, साळवे," म्हणाला,
"वाजवणाराच उशिरा येतोय.
मुद्दाम येतोय.
कॅसेट आजची रात्र राहू दे माझ्याकडे."

वीस रुपये घेतले तरी.

मग मला उशीर ऐकू यायला लागला.
निफाडकडे कडाक्याच्या पहाटे
द्राक्षांच्या रांगांत शेकोट्या पेटवतात,
धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरून राहतो,
घडांना ऊब देतो:
तसा या अल्बममधला बास.
आणि बाई ओरडत नाही कुठंच.
गोधडीतून हात बाहेर न काढता
कुणाला दिवा मालवायला सांगावं, तशी गाते.

माझं इंग्रजी चर्चपुरतं आणि प्रेसपुरतं.
'घर' कळलं. 'थांब' कळलं.
पाचव्या गाण्यात ती हसते,
शब्दाच्या आतच हसते, सूर हलतो,
आणि कुणी तो बाद केलेला नाही.
हे मला रात्रपाळीत आठवायचं, ताव हातात असताना.

रिबेकामावशीनं एकदा दारातून ऐकलं.
म्हणाली, ही पोरगी चर्चमध्येच वाढलीय, पैज लाव.
मग मटार सोलता सोलता सांगितलं,
की गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं
फार पूर्वी इथंच राहायची, आपल्या शरणपुरात,
सुतारकाम शिकायची, लोहारकाम शिकायची,
आणि संध्याकाळी गायची म्हणे.
म्हणे, एवढाच तिचा पुरावा.
मी काही संबंध जोडला नाही.
त्या दिवसापासून खिडकी मात्र उघडी ठेवून ऐकायचो.

परवा लेकीनं फोनवर लावून दिला तोच अल्बम.
याला निओ-सोल म्हणतात, पप्पा.
म्हणोत.
बाईचं नाव कळलं, साल कळलं,
तिनं पुढं दुसरा काढलाच नाही, हेही.
(मला बरं वाटलं. का, ते सांगता येणार नाही.)
आवाज धुऊन काढलेला, कॅसेटची सरसर गेली,
झांजेची कड दिसावी इतका स्वच्छ.

फक्त तिसऱ्या गाण्यात,
जिथं ती थांबून श्वास घेते,
तिथं माझ्या कॅसेटवर चार सेकंद कमरुद्दीन आहे.
त्या रात्री चुकून लाल बटण दाबलं गेलं असणार.
"अरे, चहात साखर..."
आणि लगेच पुन्हा ती.
फोनवर तिथं नुसता श्वास. सलग.
दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात.

मी इयरफोन लावून बसतो,
ती जागा जवळ आली की सावरून बसतो,
आणि म्हणतो हळूच, "साखर कमी."
दर वेळी थोडा उशीरच होतो.