पाटीचं पाणी

नायजरच्या काठाने
मिठाच्या लाद्या घेऊन आला होता फोदे.
कोलाची फळं भरून परतणार होता.
एक गाढव मेलं, म्हणून राहिला.

कुणाला काही शिकवलं नाही त्याने.
पहाटे पाय धुऊन
मातीला कपाळ टेकायचा.
मापात पाप नसायचं.

न्येलेचं पोर तापलं तेव्हा
लाकडी पाटीवर काजळीच्या शाईने
उजवीकडून डावीकडे मुंग्या चालवल्या,
धुऊन ते काळं पाणी पाजलं.

पोर उठलं. की उठणारच होतं?
न्येलेने विचारलं नाही.
उरलेलं पाणी तिने
आजोबांच्या दगडावर ओतलं,
जिथे बाजरीची दारू ओतायची.

आता पोराचं पोर
पाटी मांडीवर घेऊन डुलतं.
गाढव कुठे पुरलं
कुणालाच आठवत नाही.

दगड मात्र अजून
एका बाजूने काळा.