जबानी, डुलुथ

प्रश्न विचारला की गप्प बसायचं,
शांतता समोरच्याला खायला उठते,
एवढंच ऑकरलंडबाईंनी शिकवलं होतं.
बाकी त्यांनी पाठवलेले चार हजार कागद
मी तीन रात्री चाळले होते.

समोर निस्कानेन, धान्यकोठाराचा मुकादम.
"आठवत नाही."
सहाव्यांदा.
स्टेनोची बोटं थांबली.
खिडकीबाहेर सरोवर, काठापर्यंत गोठलेलं.
मी पेनाला टोपण घातलं.

त्याचा वकील खाकरला.
निस्कानेन स्वतःच्या हातांकडे बघत राहिला,
मग त्या हातांनाच सांगितल्यासारखं म्हणाला,
"पायरी सैल होती शिडीची.
मी चिठ्ठी लिहिली होती वर."

कुठली चिठ्ठी?
चार हजारांत ती नव्हती.

बोटं पुन्हा चालू लागली.
त्याच्या वकिलानं
पाणी मागितलं.